बर्फाचा कोर काढायला गरम रिंगच का? बोअरचं बिट का नाही?

कुपवाड_फॅब्रिकेटर
एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे माझं. पुतण्याला कॉलेजच्या प्रोजेक्टला थर्मल ड्रिलचं (गरम रिंगनं बर्फ वितळवत खाली जाणारं) मॉडेल पाहिजे, हिमनदीतनं बर्फाचा कोर, म्हणजे अभ्यासाला लांब गोल दांडा, काढतात तसलं, बर्फ कारखान्यातल्या लादीवर चालवून दाखवायचंय. मला एकच कळंना, दाताचं बिट असताना वितळवायचा उद्योग कशाला? नमुनाच वितळला तर डोंबलाचा अभ्यास करणार?

जतचा_बोअरवाला
दातच घ्या दादा. बॅरलला, म्हणजे पोकळ नळीला, कटर, वर मोटर, विषय संपला. हीटर पाण्यात गेला की शॉक बसंल ते वेगळंच.

हिमकण
बोअरवाले भाऊ, कडक थंड बर्फात तुमचं बरोबर आहे, तिथं कटरवालंच बरं. पण शून्याच्या आसपासचा बर्फ ओला असतो, त्याचा भुगा कटरला चिकटून गच्च बसतो, म्हणून तिथं गरम रिंग. आणि सगळा बर्फ वितळत नाही ओ, रिंगपुरती खाच पडत जाते अन् मधला दांडा अख्खा बॅरलमध्ये सरकतो. थंड बर्फात मात्र हेच पाणी परत गोठून ड्रिल पकडतं, मग ते उपसून घ्या नाहीतर भोकात इथेनॉल घाला, शिवाय उष्णतेनं कोरला तडे जातात.

पेरूत केल्काया म्हणून बर्फाची टोपी आहे, ५६७० मीटरवर. जड जनरेटर वर जाईना म्हणून लॉनी थॉम्पसन या अमेरिकन हिमनदी-शास्त्रज्ञाच्या टीमनं १९८३ ला चक्क सोलर पॅनलवर थर्मल ड्रिल चालवलं, १५० मीटरच्या वर कोर काढला, १५०० वर्षांचं हवामान मिळालं. आणि गंमत म्हणजे कोरचे तुकडे तिथंच वितळवून बाटल्यांत भरून खाली आणले, थरांचा क्रम चुकला नाही म्हणजे झालं!

कुपवाड_फॅब्रिकेटर
हां आता डोक्यात शिरलं. वॅट किती धरू?

हिमकण
रिंग बाहेरून ११० आतून ८० मिमी धरली तर मीटरला ४ किलोच्या आसपास बर्फ वितळतो, किलोला ३३४ किलोजूल, म्हणजे २ किलोवॅटला ११-१२ मिनिटं, तेही सगळी उष्णता बर्फातच गेली तर, जी कधीच जात नाही. लादीच्या मधे पांढरा पट्टा असतो ना बुडबुड्यांचा, तिथनंच कोर काढा, खऱ्या कोरमध्ये असल्या बुडबुड्यांतच जुनी हवा अडकलेली असते, सरांना दाखवायला बरं.

जतचा_बोअरवाला
ते ठीक, पण ट्रान्सफॉर्मर लावून २४ व्होल्टवरच चालवा, पोरं ओल्या हातानं बसणार तिथं.

कुपवाड_फॅब्रिकेटर
२४ व्होल्टला २ किलोवॅट म्हणजे ८० ॲम्पिअरच्या वर की ओ, केबल हाताएवढी होईल. ५०० वॅटची बारकी रिंग करतो, लादी शनिवारी आणतो.