मदत हवी आहे: काय चावलंय कळेना, आणि एक गाठ पिकलीय

पाच दिवसांपूर्वी सकाळी उठले तर दंडावर ३-४ लाल गाठी, जवळजवळ एका ओळीत. डास एवढे शिस्तीत चावत नाहीत, म्हणून ढेकणांचा संशय आला. गादीच्या शिवणी फक्त उसवायच्या बाकी ठेवल्यात एवढं शोधलं, पण ढेकूण नाही की त्यांच्या विष्ठेचे काळे ठिपके नाहीत. पिसवा म्हणाव्या तर त्या बहुतेक घोट्याजवळ चावतात ना?

खाज रात्री असह्य होते. झोपेत खाजवलं आणि एका गाठीवरची साल निघाली. आता तिथे पिवळसर पू आहे, भोवती गरम लागतं, दुखतंही. काल लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवली होती. आज लाली रेघेबाहेर बोटभर गेलीय. ताप नाही, काखेत गाठ नाही, दंडावर लाल रेषा वर चढताना दिसत नाही. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जातेय, त्यामुळे तो सल्ला नको!

तोवर विचारायचंय ते एवढंच: बाकीच्या न फुटलेल्या गाठींवर थंड पट्टी आणि कॅलामाइन लावतेय, खाजेसाठी सेटिरिझिन घेतलीय. घरात हायड्रोकॉर्टिझोन मलम आहे, पण पिकलेल्या जागी स्टिरॉइड लावू नये एवढं माहीत आहे. ती जागा साबण-पाण्याने धुऊन, कोरडी करून नुसती झाकून ठेवू ना? पू दाबून काढायचा मोह होतोय, अजून हात लावलेला नाही.

आणि ओळीत चावणारं दुसरं काय असतं? कुणाला असा अनुभव असेल तर सांगा.