मदत हवी आहे: छोट्या बोटीत डिझेल हीटर, २ किलोवॅट की ५?

वागळे_वायरमन
छोट्या बोटीच्या केबिनमध्ये डिझेलवर चालणारा गरम हवेचा हीटर बसवायचा आहे. २ किलोवॅटचा घ्यावा की ५ चा? चिनी मालात दोघांच्या किमतीत फारसा फरक नाही, म्हणून मन ५ कडे ओढतंय. जर्मन हीटर कितीतरी पट महाग आहे, तेवढं मोजण्यात अर्थ आहे का? वायरिंग मी स्वतः करणार, माझा धंदाच तो आहे, तेव्हा इलेक्ट्रिशियन बोलवा असं सांगू नका. एक्झॉस्ट कुठून काढायचा तेवढं सांगा. रविवारी ऑर्डर द्यायची आहे.

ऐन_खाडीकाठी
बोट कुठे आहे? ठाण्याच्या खाडीत डिसेंबरातही पंखा लागतो. एलिफंटाला फेऱ्या मारणार असाल तर हीटर नको, चांगलं छत करून घ्या. माझ्या ओळखीचा फायबरवाला आहे.

वागळे_वायरमन
बोट इंग्लंडमध्ये आहे, धाकट्या भावाची. भाडं परवडत नाही म्हणून नदीवर तिच्यातच राहतो. मी नोव्हेंबरात जातोय, तेव्हाच बसवून देणार. छत नकोय. २ की ५?

निवृत्त_चीफ_नेरुळ
लांबी किती? फायबरची की लोखंडी? इंजिन डिझेलचं की पेट्रोलचं? बॅटरी किती अँपिअर-तासांची? हे कळल्याशिवाय २ की ५ सांगणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

स्पितीवेडा_ऐरोली
चिनी ५ किलोवॅट घ्या, डोळे मिटून. माझ्या ट्रॅव्हलर गाडीत आहे, स्पितीतल्या काझापर्यंत नेलाय. उंचीवर हवा विरळ, म्हणून डिझेल पंपाचा वेग कमी करावा लागतो, नाहीतर काजळी धरते. आणि हो, थंडीत डिझेल गोठतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, तेच भरा.

निवृत्त_चीफ_नेरुळ
स्पितीवेडा, बोट नदीत आहे, १२ हजार फुटांवर नाही. आणि छोट्या केबिनला ५ किलोवॅट लावला की तो सतत मंद आचेवर चालतो. मंद आचेवर डिझेल नीट जळत नाही, काजळी आत साचते, एक दिवस पेटायचाच बंद होतो. तुमच्याकडे काजळी धरली त्याला फक्त उंची कारण नसणार.

स्पितीवेडा_ऐरोली
आठवड्यातून अर्धा तास फुल्ल चालवला की काजळी जळून जाते. माझा अजून चालतोय.

वागळे_वायरमन
२५ फूट, फायबर. मागे बाहेरून लावलेलं ९.९ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. बॅटरी ११० अँपिअर-तास, एकच. हीटर मागच्या पेटीत बसवायचा विचार आहे, जागा तिथेच आहे. पेट्रोलची टाकीही तिथेच असते. सध्या भाऊ रात्री गॅसची शेगडी मंद ठेवून झोपतो, त्याने सगळ्या काचांवरून पाणी गळतं. म्हणून घाई आहे.

निवृत्त_चीफ_नेरुळ
आधी भावाला फोन करा. आज रात्री शेगडी बंद. जानेवारी २०१४ मध्ये इंग्लंडच्या व्हिटबी बंदरात 'एशकोल' या मासेमारी बोटीवर दोन जण केबिन गरम राहावी म्हणून गॅसचं ग्रिल चालू ठेवून झोपले. कार्बन मोनॉक्साइडने दोघेही गेले. अलार्म नव्हता. या वायूला वास नाही, रंग नाही. अलार्म बोटीसाठीचा, ईएन ५०२९१-२ लिहिलेला घ्यायचा. आणि गॅस जळताना पाण्याची वाफ होते, ती तुमच्या काचांवर दिसते. डिझेल हीटरचा धूर आणि वाफ दोन्ही बाहेर जातात, म्हणून केबिन कोरडी राहते.

आता पेटी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाला साचते. त्या पेटीत हीटर बसवायचा नाही. चूक-बरोबर असा वादच नाही इथे. मधे घट्ट बंद आडभिंत हवी, किंवा हीटर केबिनमध्ये बाकाखाली न्या. जळणासाठीची हवा बाहेरून घ्यायची. आउटबोर्डमुळे डिझेलची वेगळी टाकी लागेल, १० लिटर पुरे. २ किलोवॅटचा हीटर फुल्लवर तासाला पाव लिटरच्या आत पितो.

ठाणे_पश्चिम_गृहिणी
अवांतर आहे, पण लिहिते. बाथरूममध्ये गॅस गीझर असणाऱ्यांनीही हे वाचा. खिडकी बंद करून आंघोळ करू नका. आमच्या इमारतीत एक मुलगी थोडक्यात वाचली.

स्पितीवेडा_ऐरोली
ठीक, २ घ्या. पण चिनीच. जर्मनच्या किमतीत सुटे भाग आणि अख्खा दुसरा हीटर येतो.

निवृत्त_चीफ_नेरुळ
हीटर चिनी घ्या हवं तर. पण किटमधला एक्झॉस्ट फेकून द्या. तो ट्रकसाठी असतो, गाडीखाली उघड्यावर. सायलेन्सरला पाणी निघायला बारीक भोक असतं. ट्रकखाली चालतं, बोटीत तेच भोक केबिनमध्ये धूर सोडतं. बोटीसाठीचा, कुठेही धूर न गळणारा स्टीलचा पाइप, त्यावर उष्णतारोधक पट्टी, आणि फायबरमधून जाताना दुहेरी भिंतीचं फिटिंग. डिझेलची नळी आयएसओ ७८४० ची, म्हणजे आगीत टिकणारी. या तीन वस्तूंत पैसे वाचवू नका.

दिवाळे_नाखवा
एक्झॉस्टचं भोक पाडायच्या आधी बोट पूर्ण भरा. टाक्या भरलेल्या, दोन-तीन माणसं मागे उभी, मग पाणी कुठवर येतं ती खूण करा. आउटबोर्डची बोट मागून दबते. भोक त्या खुणेच्या बरंच वर, आणि आतला पाइप आधी वर चढवून मग बाहेर उतरवा, लाट आत यायला नको. धूर खिडकीकडे वळेल अशा बाजूला काढू नका.

वागळे_वायरमन
चीफ, भावाला फोन केला, त्याने शेगडी बंद केली. अलार्म तो उद्या आणतोय. २ किलोवॅट नक्की, बाकाखाली. बॅटरीपासून साडेचार मीटर वायर जाईल. किती जाडीची घेऊ?

निवृत्त_चीफ_नेरुळ
पेटताना ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी तापती कांडी, काही मिनिटं १० अँपिअरच्या आसपास ओढतो, नंतर एक-दोन. जाण्याची आणि येण्याची मिळून ९ मीटर धरा. ६ चौरस मिलिमीटर घाला, व्होल्टेज पडलं तर तो पेटणारच नाही. फ्यूज बॅटरीजवळ. आणि भावाला बजावा, बंद करताना रिमोटनेच, मेन स्विच ओढायचा नाही. पंखा आतला भाग थंड करून आपोआप थांबतो. पंप तिरका बसवा, बाहेर जाणारं तोंड वर, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत.

ऐन_खाडीकाठी
माझा लोणावळ्याला छोटा बंगला आहे. तिथे हा हीटर चालेल का?