स्थळ, साबर बोंडं, होमबाउंड… असले पिक्चर बघणारं कोल्हापुरात अजून कोण आहे का?

उद्यमनगर_लेथ
नमस्कार मंडळी. मी काय अभ्यासू वगैरे नाही, दिवसभर लेथवर काम, रात्री जेवताना पिक्चर. आधी सगळं मारधाडच बघायचो. २०२५ च्या मार्चमधे महिला दिनाच्या आदल्या दिवशी 'स्थळ' लागला, तो आईला घेऊन बघितला आणि तिथनं माझी आवडच फिरली.

चंद्रपूरकडची पोरगी, बाप कापूसवाला, पोरगीला शिकायचंय, एमपीएससी द्यायचीय, आणि घरात थोड्या थोड्या दिवसांनी पाहुणे येऊन बसतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. परत दुसरे पाहुणे, परत तेच प्रश्न. कलाकार पण त्या गावातलेच घेतलेत. माझ्या मागच्या सीटवरचा म्हणाला हे काय सारखं तेच तेच लावलंय, पण मला कळालं का लावलंय ते. माझ्या बहिणीला बघायला अकरा जण येऊन गेले. पाण्याचे तांबे मीच द्यायचो आणि मग पाहुण्यांच्यात जाऊन बसायचो. म्हणजे अकरा वेळा मी तिच्या समोर बसलोय, शेजारी एकदा पण नाही. हे मला त्या अंधारात पहिल्यांदा कळालं. आई रिक्षात काहीच बोलली नाही, घरी आल्या आल्या बहिणीला फोन लावला आणि पाऊण तास बोलत बसली.

मग सप्टेंबरात कामासाठी पुण्यात होतो तेव्हा 'साबर बोंडं' बघितला. अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला मोठं बक्षीस घेऊन आलेला मराठी पिक्चर आणि हॉलमधे आम्ही नऊ माणसं, लई वाईट वाटलं. वडील वारल्यावर मुंबईचा पोरगा दहा दिवस गावी येतो, आणि सुतकात पण नातेवाईक लग्न कधी करतोस म्हणून मागं लागलेले. गावातला लहानपणीचा दोस्त आहे त्याच्यावर ह्याचं प्रेम. खोटं कशाला बोलू, मला आधी अवघडल्यासारखं झालेलं, पण अर्ध्या तासात ती दोघं आपल्या आळीतलीच पोरं वाटायला लागली. बॅकग्राउंड म्युझिक अजिबात नाही, कॅमेरा पण बहुतेक जागचा हलत नाही, त्यामुळं आपणच त्या सोप्यात भिंतीला टेकून बसलोय असं वाटतं.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. माझे मित्र म्हणतात ह्या पिक्चरांना शेवटच नसतो, तुम्हाला तसं वाटतं का? आणि आईला पुढं काय दाखवू?

नाईट_ड्युटी
दादा, आईंना 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' दाखवा, हॉटस्टारवर आलेला. दोन-तीन सीन आहेत जिथं आईंसोबत बसायला संकोच वाटेल, आधीच सांगते. मुंबईच्या हॉस्पिटलातल्या दोन मल्याळी नर्स आणि तिथंच स्वयंपाक करणारी छाया कदम. २०२४ ला फ्रान्सच्या कान्स फेस्टिव्हलमधे ग्रां प्री, म्हणजे दोन नंबरचं बक्षीस मिळालं, तीस वर्षांनी भारताचा पिक्चर तिथल्या मुख्य स्पर्धेत होता, पण मी त्यासाठी नाही बघितला, मी स्वतः नर्स आहे म्हणून बघितला.

मोठीचा नवरा जर्मनीत, त्याचा फोन नाही काही नाही, आणि एक दिवस पार्सलनं भाताचा कुकर येतो. चिठ्ठी पण नाही आत. रात्री ती फरशीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. मी तिथं पिक्चर थांबवून बाल्कनीत जाऊन आले. आमच्या वॉर्डात केरळची एक सिस्टर होती, घरचा फोन आला की जिन्यात जायची, भाषा मला कळायची नाही पण परत येताना तोंड धुऊन यायची ते दिसायचं. चार वर्षं एकत्र ड्युटी केली, मी एकदा पण विचारलं नाही काय झालं म्हणून.

छाया कदमची गोष्ट वेगळी. नवऱ्याच्या माघारी खोलीचे कागद सापडत नाहीत, बिल्डर हाकलतोय, शेवटी ती रत्नागिरीकडं आपल्या गावी निघून जाते. पिक्चर समुद्राकाठच्या एका टपरीत चौघं बसलेत तिथं संपतो. शेवट नाही असं मला नाही वाटलं. त्या बायकांना दिवसभरानंतर निवांत बसायला मिळालं, मला तेवढं पुरलं.

माग_इचल
मी इचलकरंजीचा, घरचे माग आहेत. 'होमबाउंड' नेटफ्लिक्सवर बघितला. दोन मित्र, एक दलित एक मुसलमान, दोघांना पोलीस व्हायचंय कारण वर्दी घातली की कोण आडनाव विचारणार नाही. मग सुरतला कापडाच्या मिलमधे जातात आणि लॉकडाऊन लागतो. पत्रकार बशारत पीर यांनी न्यूयॉर्क टाइम्समधे लिहिलेल्या खऱ्या घटनेवर आहे. विद्यापीठाच्या रोडला पहाटे भरतीची पोरं पळताना दिसतात की नाही, मला सगळा पिक्चरभर तीच दिसत होती.

२०२० ला आमच्याकडचे पण तिघं निघाले, बिहारचे. आम्ही थांबा म्हणत होतो पण कामच बंद, कुठल्या तोंडानं थांबवणार. त्यातल्या एकानं निघायच्या आधी माग स्वच्छ पुसला आणि वरनं कापड झाकून ठेवलं. पिक्चरमधे चालताना दाखवलेत तेव्हा मला रस्ता दिसतच नव्हता, ते झाकलेलं कापडच दिसत होतं.

पण एक बोलतो, शेवटाकडं जरा जास्तच रडवायला जातो पिक्चर, म्युझिक वाढवत नेतो. त्याची गरज नव्हती, आईच्या टाचांच्या भेगा दाखवल्यात तेवढ्यानंच आम्ही संपलो होतो. साबर बोंडंला म्युझिक नाही म्हणतोस, तर तो बघायलाच पाहिजे.

ताराबाई_पार्क
सगळेच कौतुक करतायत म्हणून वेगळं लिहितो. 'परफेक्ट डेज' मला पटला नाही. टोकियोत संडास साफ करणारा माणूस, कॅसेट ऐकतो, झाडांचे फोटो काढतो, समाधानी. कोजी याकुशोचं काम अप्रतिमच आहे, कान्सचं बक्षीस उगाच नाही मिळालं. पण ते संडास म्हणजे मोठमोठ्या आर्किटेक्ट लोकांनी बांधलेले, आणि त्या प्रकल्पाच्याच लोकांनी दिग्दर्शक विम वेंडर्सना बोलावलं, त्यातनं पिक्चर झाला. म्हणून सगळं एवढं चकचकीत. घाण कुठं दिसतच नाही. रंकाळ्यावर पहाटे झाडायला येणाऱ्या मावशींना हा दाखवला तर त्यांना ते काम ओळखू तरी येईल का?

उद्यमनगर_लेथ
@ताराबाई_पार्क घाणीचं बरोबर आहे सर, पण मला तो आवडलेला. तो आरसा घेऊन खालनं बघतो ना नीट साफ झालंय का, कोण बघणार नसतं तिथं पण. आमच्यात पण जॉब मशीनवरनं उतरला की अंगठा फिरवून बघतात, कोण सांगितलेलं नसतं.

जुना_प्रेक्षक
मी साठी ओलांडलेला, शाहू स्मारकात बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीचे बरेच सिनेमे बघितलेत. इचलकरंजीकरांचं वाचून राहवलं नाही. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी पोटासाठी शहरात मिलमधे जातो, ही गोष्ट बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात १९२५ ला केली, 'सावकारी पाश'. मूकपट होता, शेतकऱ्याच्या कामात व्ही. शांताराम. देवादिकांचे चित्रपट धो धो चालायच्या काळात ह्या माणसानं झोपडी दाखवली. आणि बरोबर शंभर वर्षांनी २०२५ ला होमबाउंड येतो, त्यातली पोरं पण मिलमधेच निघालीत. तेव्हा पोरांनो, हे आपल्याला झेपत नाही, हे पुण्या-मुंबईचं काम असं कोण म्हणालं तर ऐकून घेऊ नका. हे आपल्या गावचं काम आहे. नऊ तर नऊ, पण जाऊन बसा.

उद्यमनगर_लेथ
काका, हे मला माहीतच नव्हतं, जयप्रभा स्टुडिओवरनं रोज जातो तरी. पुढच्या वेळी सोसायटीचा शो असला की मी येतो, आईला पण आणतो.

ताई, आईला कुकरवाला दाखवला, ते सीन पुढं ढकलले. आई म्हणाली ह्या बाईनं तो कुकर वापरायला काढावा, कपाटात ठेवून काय करायचाय. रविवारी बहीण येणार आहे, तेव्हा होमबाउंड लावतो.

@माग_इचल भावा, तो माग पुसून गेलेला माणूस परत आला का?

माग_इचल
नाही आला. बाकीचे दोघं आले दिवाळीनंतर. तो गावाकडंच आहे, सणाला फोन करतो. त्याचा माग आता माझा धाकटा चालवतो.