खातं वजा ४७२ वर! भरू का?

सातपूरची नोकरी सुटली, पगाराच्या जुन्या खात्यात २३६ रुपये उरले. काल सिडकोतल्या शाखेत पासबुक छापलं तर वजा ४७२! किमान शिल्लक नाही म्हणून तीन महिने २०० दंड, वर ३६ जीएसटी. साहेब म्हणतात, आधी भरा, मग खातं बंद करू.

— दमडी देऊ नका भाऊ. निव्वळ या दंडापायी खातं वजात जाता कामा नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

— ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार. फुकट असते.

— दिला अर्ज. शिक्का मागितला तर साहेब चक्क चहा विचारायला लागले!