मदत हवी आहे : तांब्याचं पाणी आणि जवसाचं तेल एकत्र चालतं का?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, शाहूपुरीत राहतो. आमच्या आई (वय ६८) रोज सकाळी रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी पितात. आता त्यांनी वर एक चमचा जवसाचं तेलही सुरू केलंय. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ (एक प्रकारची चरबी) असतं आणि असली तेलं हवेनं लवकर खवट होतात. तांबं लागलं की आणखी लवकर, म्हणून तेल आम्ही काचेच्याच बाटलीत ठेवतो.

माझी खरी शंका पोटात गेल्यावरची आहे : तिथंही तांब्यानं तेल असंच खराब होतं का? रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाला बांधलेलं असतं, मोकळं फारच थोडं. शिवाय पेशींमधल्या चरबीचं ऑक्सिडेशन (ऑक्सिजनमुळे खराब होणं) आवरणाऱ्या एका एन्झाइमला तांबंच लागतं. म्हणजे कमी पडलं तरी नुकसानच! मोठ्या माणसाला दिवसाला ०.९ मिलिग्रॅम पुरतं, आणि तीळ, शेंगदाणे, डाळी यांतून ते मिळतंच.

मग रोज तांब्याचं पाणी हवंच का? तेल आणि पाणी यांत अंतर ठेवावं का? आईंना काविळीचा जुना त्रास आहे, जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर पडतं, म्हणून जीव घाबरतो. कुणी आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टर असाल तर कृपया सांगा.