परदेशी फिरतीतली हॉटेलची खोली : अनुभव आणि बारकावे

माळ्यावरची_बॅग

माळ्यावरची जुनी बॅग काढली, तर तळाशी १०० येनची नाणी आणि दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर निघाला. त्यावरून हा धागा. कामासाठी परदेशी जाणाऱ्याला व्हिसा-तिकिटाची माहिती ऑफिसातून मिळते, पण खोलीचं दार उघडल्यावर पुढे काय, हे कोणी सांगत नाही. आणि आठवडाभर झोप, पोट आणि कपडे यांचं काय होणार ते त्या खोलीतच ठरतं. ज्याला ज्या देशाचं पक्कं ठाऊक आहे त्याने ते लिहावं. 'कसं वाटलं' यापेक्षा 'कसं करायचं' जास्त लिहा.

जपानपासून सुरू करतो. तिथली बिझनेस हॉटेलं म्हणजे ११ ते १५ चौरस मीटरची खोली. 'सेमी-डबल' वाचून दोघांचा पलंग समजू नका, रुंदी साधारण १२० सेंटिमीटर असते. मोठी बॅग उघडायला जमीन पुरत नाही, तेव्हा ती पलंगाखाली सरकवून ठेवायची. बाथरूम म्हणजे टब, बेसिन आणि कमोड यांचा एकाच साच्यातला डबा. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकआधी न्यू ओतानी हॉटेलच्या हजाराहून जास्त खोल्या झटपट उभ्या करायच्या होत्या, तेव्हा तोतो कंपनीने हे तयार डबे बनवले आणि मग ते देशभर पसरले. त्याची जमीन खोलीपेक्षा उंच असते, रात्री अंगठा हमखास आपटतो. आंघोळ करताना पडदा टबाच्या आत सोडायचा, बाहेर राहिला तर कमोडशेजारचा कागद भिजतो.

वीज १०० व्होल्ट. आपली २३० व्होल्टची १५०० वॅटची प्रवासी किटली तिथे जेमतेम २८० वॅट देते, कारण व्होल्टेज निम्म्याहून कमी झालं की ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. लिटरभर पाण्याला वीस मिनिटं लागतात. तेव्हा किटली नेऊ नका, खोलीत बहुधा असतेच. उलटंही लक्षात ठेवा : तिथून हौसेने आणलेला १०० व्होल्टचा भाताचा कुकर घरी थेट लावला तर पाचपट ताकद खेचून जळतो. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर '१००–२४०' छापलेलं असतं, त्याला काही होत नाही.

कपडे : नाण्यांवर चालणारं मशीन एखाद्या मजल्यावर असतंच. धुवायला २००–३०० येन, वाळवायला अर्ध्या तासाला १००. बहुतेक मशीन फक्त १०० ची नाणी घेतात. रात्री नऊनंतर रांग लागते, सहाच्या सुमारास रिकामं असतं.

कोकम_आगळ

शाकाहारींसाठी जपान. खरा अडथळा मांसाचा नाही, दाशीचा आहे. दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाच्या कापांचं पाणी. ते मिसो सूप, उदोन-सोबा नूडल्स, भाजीचा रस्सा, सगळ्यात असतं. 'मीट नको' म्हटलं की 'हो' म्हणून तेच वाढतात, कारण त्यांच्या हिशेबात ते मांस नाही. म्हणून 'मासे नको, माशाचा अर्कही नको' असं जपानीत लिहून मोबाइलवर ठेवायचं. दुकानातल्या ओनिगिरीत (भाताचा भरलेला गोळा) आंबट उमेबोशी (खारवलेलं आलुबुखार) आणि कोंबू (समुद्री शेवाळ) हे दोन प्रकार बघा, पण काटेकोर असाल तर घटकांची यादी कॅमेऱ्याने वाचून घ्या, तिथेही अर्क सापडतो. बिनघोर गोष्टी : साधा भात, केळी, भाजलेलं रताळं, साधं दही.

टोकियोत मुक्काम असेल तर एदोगावा वॉर्डातलं निशी-कासाई. भारतीय वस्ती, किराणा, जेवण सगळं आहे. २०१९ मध्ये त्या वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले होते, मराठी माणूस!

रात्रपाळी

मेट्रोत आहे, पटकन लिहितो. जपानात बॅग घेऊन फिरू नका. रिसेप्शनवर ताक्युबिनचा (बॅग पोचवणारी कुरिअर सेवा) फॉर्म भरा, बॅग दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात. विमानतळावर पाठवायची असेल तर एक-दोन दिवस आधी द्या. लॅपटॉप, औषधं, एक जोडी कपडे स्वतःजवळ.
आणि शिंकानसेन (बुलेट ट्रेन) : लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंमीपेक्षा जास्त बॅग असेल तर तोकाइदो (टोकियो-ओसाका) मार्गावर त्यासाठीची सीट आधी आरक्षित करावी लागते (मे २०२० पासून). सीट न घेता नेली तर १००० येन. मर्यादा २५० सेंमी.

सदाफुली

जर्मनी माझ्याकडे.

खिडकी. दांडा खाली म्हणजे बंद, आडवा म्हणजे दारासारखी उघडणार, वर म्हणजे वरच्या बाजूने तिरकी. दांडा फिरवताना खिडकी चौकटीला टेकलेली हवी. उघड्या खिडकीचा दांडा वर फिरवला की तावदान खालच्या एका कोपऱ्यावर लटकतं आणि माणूस घाबरतो. सोडून पळू नका, ते पडत नाही. बिजागरीच्या बाजूचा वरचा कोपरा तळव्याने चौकटीत घट्ट दाबून धरायचा आणि दांडा आडवा करायचा. काही खिडक्यांना कडेला छोटी कळ असते, ती दाबल्याशिवाय दांडा हलत नाही.

हीटरच्या चकतीवर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे २० अंशांच्या आसपास, पुढेमागे एकेका आकड्याला साधारण चार अंश. ५ वर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त २८ पर्यंत तापत राहते आणि रात्री घसा कोरडा पडतो. चकतीवर पडदा आला तर आतल्या संवेदकाला वाटतं खोली गरम झाली आणि पाणी बंद होतं. 'हीटर बिघडलाय' अशी तक्रार करण्याआधी पडदा बाजूला करा.

पलंग जोडलेला पण गाद्या दोन, दुलया दोन. ते मुद्दामच असतं. किटली बऱ्याच हॉटेलांत नसते, मागितली तर कधी मिळते. रविवारी दुकानं बंद, मोठ्या रेल्वे स्थानकातली तेवढी उघडी, तेव्हा शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड-फळं घेऊन ठेवा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या मशीनमध्ये परत मिळते, पण बाटली चेपू नका आणि लेबल काढू नका, मशीनला चिन्ह वाचता येत नाही. नळाचं पाणी प्यायचंच आहे.

बोरकूट

@सदाफुली ताई, जर्मनीत २३० व्होल्टच आहे ना? मग आपला छोटा कुकर नेला तर?

सदाफुली

व्होल्टेजचा प्रश्न नाही, प्लगचा आहे. आपल्या जाड तीन पिना तिथे बसत नाहीत. बाजारातला चपटा दोन पिनांचा अडॅप्टर २.५ अँपिअरचा असतो, १५०० वॅटची वस्तू साडेसहा खेचते. प्लास्टिक वितळतं. शुको (जर्मन सॉकेटच्या) आकाराचा, १६ अँपिअर लिहिलेला, अर्थिंगच्या पट्ट्या असलेला अडॅप्टर घ्या. आणि हॉटेलच्या खोलीत स्वयंपाकाला बंदीच असते हो. स्वयंपाकघर असलेलं सर्व्हिस अपार्टमेंट घेतलं तरच कुकर न्या.

तिसरा_गिअर

बंदीचं कारण छतावरचा धूरसंवेदक. बरेचसे प्रकाशावर चालतात, त्यांना धूर आणि दाट वाफ यातला फरक कळत नाही. कुकरची शिट्टी, दार उघडं ठेवून केलेली कडकडीत पाण्याची आंघोळ, उदबत्ती, यातलं काहीही पुरतं. सणाच्या दिवशी खोलीत देवाची तसबीर ठेवणाऱ्यांनी बॅटरीवरचा दिवा न्यावा. संवेदकाला पिशवी बांधणं हा बऱ्याच ठिकाणी गुन्हा आहे आणि दंड खोलीच्या बिलात येतो. अग्निशमन दल आलं तर त्याचा खर्चही.

खोलीत शिरल्यावर पहिलं काम : दारामागचा नकाशा बघून जिन्यापर्यंत किती दारं आहेत ती मोजा. धुरात दिसत नाही, हाताने दारं मोजत जावं लागतं. बुकिंग करताना तिसरा ते सहावा मजला मागा. तळमजल्यावर चोरीची भीती, आणि फार वर शिडी पोचत नाही.

अबोली_गजरा

दुबईला जाणाऱ्यांनी आधी हे वाचा. खसखस नेऊ नका! अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. दिवाळीच्या डब्यातले अनारसे, करंजीचं सारण, घरचा मसाला, तिन्हीत असते. डबा भरून देणाऱ्या आई-सासूबाईंना आधीच सांगा.
औषधंही तसंच. कोडीनवालं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलॅमसारख्या झोपेच्या गोळ्या नियंत्रित यादीत आहेत. प्रिस्क्रिप्शन आणि आधी ऑनलाइन घेतलेली परवानगी दोन्ही लागतं. जपानात सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर सरळ बंदी. मागची यादी वाचून मगच बॅगेत टाका.
युरोपात पेढे, खवा, तूप चालत नाही, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे. ताज्या कढीपत्त्यालाही प्रमाणपत्र लागतं. बाकरवडी, चिवडा, शंकरपाळे बिनतुपाचे न्या.

कोकम_आगळ

अनारशांना खसखशीऐवजी पांढरे तीळ लावा. थोडे ओलसर करून थापायचे, नाहीतर तुपात सुटतात. जाळी तशीच पडते.

अबोली_गजरा

वा, हे छान. पण तीळ लवकर लाल होतात ना?

कोकम_आगळ

हो, म्हणून आच मंद ठेवायची आणि अनारसा उलटायचाच नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं.

हिशोबवही

पैशांचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

१. चेक-इनला हॉटेल कार्डवर रक्कम अडवून ठेवतं. क्रेडिट कार्ड असेल तर फक्त मर्यादा कमी होते. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलं तर खरे पैसे अडकतात आणि सुटायला कधी कधी दोन-तीन आठवडे जातात. अनामत क्रेडिट कार्डवर द्या, बिल शेवटी हव्या त्या कार्डाने भरा.

२. मशीनवर 'रुपयांत भरणार का' असं आलं तर नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा. रुपयांचा दर तो व्यापारी आणि त्याची बँक लावतात, आणि तो महागच असतो. तुमच्या बँकेचा मार्कअप बहुधा २ ते ३.५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी.

३. शहर कर. दुबईत हॉटेलच्या दर्जाप्रमाणे रात्रीला ७ ते २० दिरहॅम, बर्लिनमध्ये २०२५ पासून भाड्याच्या ७.५ टक्के. बर्लिनमध्ये पूर्वी कामासाठी आलेल्यांना माफी होती, ती एप्रिल २०२४ पासून गेली. ऑफिसची मंजुरी घेताना हा कर धरा, मागाहून भांडायला नको.

४. पावतीवर कंपनीचं पूर्ण नाव-पत्ता चेक-इनलाच सांगा. पावती छापून झाली की कित्येक ठिकाणी बदलून देत नाहीत.

५. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचं सामाईक व्हिसा-क्षेत्र) : १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. आता ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटोची नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे एक दिवस जास्त झाला तरी संगणक लगेच दाखवतो. हिशेब स्वतः ठेवा, ट्रॅव्हल डेस्कवर सोडू नका.

रात्रपाळी

५ बद्दल मनापासून आभार. आमच्याकडे कायम गोंधळ असतो.

दगडी_पायरी

पहाटेच्या विमानाने पोचणाऱ्यांसाठी. खोली दुपारी तीनला मिळते, सकाळी सातला हवी असेल तर आदल्या रात्रीपासून बुकिंग करा, पण हॉटेलला ईमेलने कळवा की 'अमुक तारखेला सकाळी सातला पोचणार'. नाहीतर रात्री कोणी आलं नाही म्हणून नो-शो धरतात आणि पुढच्या सगळ्या रात्रींसकट बुकिंग रद्द होतं. ऐन प्रदर्शनाच्या काळात असं झालं तर शहरात दुसरी खोली मिळत नाही. हानोफरच्या औद्योगिक मेळ्याच्या दिवसांत तर हिल्डेसहाइम, ब्राउनश्वाइग, त्सेले अशा गावांत राहून रेल्वेने ये-जा करावी लागते.

आंबेमोहोर

ढेकणांबद्दल विचारायचं होतं. चांगल्या हॉटेलात पण असतात म्हणे?

तिसरा_गिअर

असतात, हॉटेलच्या दर्जाचा संबंध नाही, ते बॅगेतून येतात. बॅग आधी बाथरूमच्या फरशीवर ठेवा. चादर कोपऱ्यातून उचलून गादीची शिवण बघा, मग पलंगाच्या डोक्याकडची फळी. काळे ठिपके किंवा गंजासारखे डाग दिसले तर खोली बदला, आणि शेजारची किंवा वरची-खालची घेऊ नका. घरी आल्यावर कपडे ड्रायरमध्ये जास्तीत जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवा. नुसत्या धुण्याने अंडी मरतीलच असं नाही.

आंबेमोहोर

धन्यवाद दादा. मुलगी पहिल्यांदाच जातेय म्हणून काळजी.

अबोली_गजरा

काळजी नका करू ताई, मुली छान निभावतात. तिला दाराला लावायची रबरी पाचर द्या, वजन फारसं नसतं पण आतून सरकवली की दार उघडत नाही. आणि रिसेप्शनवर खोलीचा नंबर मोठ्याने बोलले तर दुसरी खोली मागायची, संकोच करायचा नाही. डब्यात काय देताय?

आंबेमोहोर

उपम्याचं तयार पीठ द्यावं म्हणतेय. टिकेल ना?

कोकम_आगळ

ओलावा नसेल तर महिनाभर. मोहरी, हिंग, उडीद डाळ, सुक्या मिरच्यांची फोडणी, कढीपत्ता आधी मंद आचेवर चुरचुरीत करून घ्या, ओला राहिला तर बुरशी त्यानेच येते. एक वाटी रवा त्यात दहा मिनिटं मंद भाजा. मीठ, साखर, चिमूटभर लिंबूफुलं. पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरा. खोलीत : एक वाटी मिश्रणाला दोन वाट्या उकळतं पाणी, झाकून दहा मिनिटं. पाणी किटली बंद होताक्षणी ओता. दोन मिनिटं थांबलं तरी रवा कच्चा लागतो.

आंबेमोहोर

रवा जाड की बारीक?

कोकम_आगळ

जाड. बारीक रव्याला नुसतं पाणी घातलं की वरचा थर आधी फुगतो, गुठळी होते आणि आत कोरडं राहतं. इथे ढवळायला गॅस नाही. आणि भांडं झाकणाचं, दुहेरी स्टीलचं द्या, हॉटेलच्या कपात उष्णता टिकत नाही.