अनुभव धागा : ज्वालामुखीचा डोंगर, त्याची तळी अन् गाडीतलं घर

एप्रिलमध्ये आम्ही सहा जण, म्हणजे मी, नवरा, दोन लेकरं आणि सासू-सासरे, जपानात फुजी ज्वालामुखीच्या पायथ्याची पाच तळी कॅम्परव्हॅनने, म्हणजे झोपायची सोय असलेल्या गाडीने, फिरून आलो. आल्यापासून छत्रपती संभाजीनगरातले ओळखीचे सगळे एकच विचारायलेत, की म्हाताऱ्या माणसांना घेऊन गाडीत झोपायचं जमलं कसं. म्हटलं एकेकाला सांगण्यापेक्षा धागाच काढावा. मी माझं सांगते, तुम्ही तुमचं सांगा. फुजीच पाहिजे असं काही नाही, कुठलाही ज्वालामुखी, कुठलंही तळं, गाडी भाड्याची असो नाहीतर घरची.

धागाकर्ती, छत्रपती संभाजीनगर

गाडी टोकियोजवळून घेतली. तिकडं आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे नवऱ्याचा हात लगेच बसला. आंतरराष्ट्रीय परवाना इथल्या आरटीओतून काढून नेला होता, तो आठवणीने काढा, त्याच्याशिवाय गाडी मिळत नाही.

पहिला मुक्काम कावागुचिको. तळं ८३० मीटर उंचीवर आहे, एप्रिलमध्येही रात्री थंडी अशी की काचेला आतून पाणी सुटतं. गाडीत दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनची अन् एक आतल्या दिव्यांची-हीटरची. गाडी देणाऱ्यांनी दुसरी फुल आहे म्हणून सांगितलं, आम्ही विश्वास ठेवला अन् रात्री अडीचला हीटर बंद. इंजिन चालू ठेवायचं म्हटलं तर शेजारी लोक झोपलेले, तिथं ते चालत नाही. सासूबाईंनी निघताना हट्टाने जुन्या लुगड्यांची वाकळ बॅगेत कोंबली होती, मी वजनावरून कुरकुर केली होती, त्या वाकळेखाली दोन्ही लेकरं झोपली. तेव्हा गाडी ताब्यात घेताना बॅटरीचा आकडा स्वतः बघा, फोटो काढून ठेवा.

पहाटे साडेपाचला सासऱ्यांनी दार सरकवलं. वारा अजिबात नव्हता, समोर अख्खा फुजी, ३७७६ मीटर, बर्फ अर्ध्यापर्यंत उतरलेला, अन् तोच खाली पाण्यात उलटा. सासरे म्हणाले, "माय, ह्यो तर पान्यात बी उभाय." मग किती वेळ कुणीच बोललं नाही. नऊ-दहापर्यंत ढग आले अन् डोंगर गायब. त्याला भेटायचं तर पहाटेच, आठ दिवसांत आम्हाला तीनदाच पूर्ण दिसला.

पण मला खरं लिहायचंय ते दगडाबद्दल. तळ्यांच्या मधे आओकिगाहारा नावाचं जंगल आहे, ते ८६४ सालच्या लाव्ह्यावर उगवलेलं. तेव्हा सेनोउमी नावाचं एकच मोठं तळं होतं, लाव्हा त्यात शिरला अन् त्याचे सायको आणि शोजिको असे दोन तुकडे झाले. जंगलात माती जेमतेम वीतभर, त्यामुळे झाडांच्या मुळ्या खाली न जाता दगडावरून सापासारख्या पसरल्यात, त्यावर मऊ हिरवं शेवाळ. सासरे वाटेतच बसले अन् शेवाळ नसलेल्या जागी दगडावर हात फिरवायला लागले. सगळ्या दगडाला भोकं, काही इतकी बारीक की सुई जाईल. म्हणाले, "ह्यो आपलाच काळा पाषान हाय, आजून कवळा हाय." पाटोद्याला त्यांनी आयुष्यात तीन विहिरी खणल्यात, दोन कोरड्या गेल्या, त्यांना दगड कळतो. आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, त्याची भोकं खनिजांनी बुजून गेलेली, म्हणून पाणी आत मुरत नाही, फटीत सापडलं तर सापडलं. फुजीचा दगड ताजा, पोकळ, पडलेला पाऊस अन् वितळलेलं बर्फ सगळं पिऊन घेतो. एवढा मोठा डोंगर पण अंगावर बारमाही नदी दिसत नाही, पाणी पायथ्याला झऱ्यांनी निघतं. शिराइतोचा धबधबा बघितला तेव्हा ते डोळ्यांनी दिसलं, वरून नदीचं पाणी थोडंच पडतं, बाकी कड्याच्या मधल्याच थरातून दीडशे मीटर रुंदीत शेकडो धारा फुटतात. सासरे तिथून उठायलाच तयार नव्हते, पाझर असा फुकट वाहताना त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

नवऱ्याने हिशोब काढला, वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकातलं, म्हणजे आपल्याकडं जुन्या लाव्ह्यातून देऊळ कोरून झालं त्यानंतर शंभरेक वर्षांनी हा लाव्हा वाहत होता. पोरगी आता वेरूळला परत चल म्हणून मागं लागलीय, तिला भोकं शोधायचीत.

गोदाकाठ, नांदेड

आम्ही नवरा-बायको लेकीकडं न्यूझीलंडमधे ऑकलंडला गेलो होतो, जावयाने मोटरहोम घेतली अन् टाउपो तळं, मग रुआपेहू ज्वालामुखीला वळसा असं सात दिवस. टाउपो म्हणजे ज्वालामुखीचं तोंडच आहे, स्फोटानंतर जमीन खचली अन् पाणी भरलं, ६१६ चौरस किलोमीटर, समोरचा काठ धूसर दिसतो. शेवटचा मोठा स्फोट सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा, आपल्याकडं पैठणला सातवाहनांचं राज्य संपत आलं त्या सुमारास. काठावर पांढुरके दगड पडलेले असतात, मी एक उचलला तर कापसासारखा हलका, पाण्यात टाकला तर तरंगला! नातवाने मग पन्नास दगड टाकून बघितले. सेतू बांधताना तरंगलेल्या दगडांची गोष्ट मी त्याला रात्री सांगत होतो, त्या दिवशी त्याने ती पहिल्यांदा नीट ऐकली.

रुआपेहू २७९७ मीटर, त्याच्या डोक्यावरही एक तळं आहे, ते खालून दिसत नाही. २४ डिसेंबर १९५३ ला त्या तळ्याचा बांध फुटला, चिखल-राखेचा लोंढा नदीतून आला, तांगीवाईचा रेल्वे पूल गेला अन् गाडी त्यात कोसळली, १५१ माणसं गेली. नाताळसाठी घरी निघालेली माणसं. रस्त्याला लागूनच स्मारक आहे, बायकोने तिथं रानफुलं ठेवली. डोंगराकडं बघायची नजर त्यानंतर बदलली हे खरं.

कामाचं एक सांगतो. सांडपाणी अन् संडासची टाकी ठरलेल्या डंप स्टेशनवरच रिकामी करायची, मी जावयाला मदत म्हणून शिकून घेतलं, दोनदा केलं की काही वाटत नाही. अन् डिझेल गाडीला तिथं किलोमीटरप्रमाणे वेगळा रस्ता-कर असतो, भाडं ठरवताना विचारा.

आखाड्यावरचा, मंठा

परदेश नाही, आपलं लोणार. आम्ही घरची क्रूझर घेतो, मागच्या सीटा काढून गाद्या टाकतो, रात्री पाहुण्याच्या आखाड्यावर गाडी लावून झोपतो अन् पहाटे सरोवरावर. लोणारला अजून बरेच जण ज्वालामुखी म्हणतात म्हणून मुद्दाम लिहायलोय, ते उल्कापाताने झालेलं विवर आहे, पण पडली ती आपल्याच लाव्ह्याच्या खडकावर, असं विवर जगात फार कमी ठिकाणी आहे. १.८ किलोमीटर व्यास, पाणी खारं अन् अल्कधर्मी, आणि काठावरच्या धारेचं पाणी मात्र गोड. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा आम्ही लॉकडाऊनमुळे इतक्या जवळ असून जाऊ शकलो नाही, ती हळहळ अजून आहे.

औशाची

माझा अनुभव थोडा वेगळा. आम्ही फुजीच्या जवळच हाकोने म्हणून आहे तिथं होतो, आशिनोको तळ्याच्या काठी, तेही ज्वालामुखीच्या कढईतलंच तळं. वर ओवाकुदानीला डोंगरातून गंधकाची वाफ निघते, तिथल्या गरम झऱ्याच्या पाण्यात उकडून काळ्या सालीची झालेली अंडी विकतात. तिथं रात्री गाडी हलली. फार नाही, पाळणा हलावा एवढीच, पण मला कळलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते, आमच्या घराची एक भिंत गेली, माणसं वाचली. त्यानंतर कित्येक महिने आम्ही पत्र्याच्या शेडमधे, अंगणात, बैलगाडीखाली झोपलो. दगड-मातीच्या छताखाली झोपायला आई तयारच होत नव्हती. त्या रात्री तळ्याकाठी मी नवऱ्याला उठवलं नाही, मुलाच्या छातीवर हात ठेवून बसले, अन् मग लक्षात आलं की डोक्यावर भिंत नाही, धाबं नाही, गाडी आहे, चाकं आहेत. त्यानंतर मी झोपले. इतक्या वर्षांत भूकंपानंतर लगेच झोप लागली ती तेव्हाच. सकाळी शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी नुसतं हाताने हलल्याची खूण केली, मी हो म्हणून मान हलवली, त्यांनी थर्मासमधला चहा दिला.

धागाकर्ती

औशाच्या ताई, तुमचं रात्री सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या उठल्या, कपाटातून वाकळ काढून आणली, कोपऱ्यातला एक निळा तुकडा दाखवला. त्र्याण्णवला हादरे पाटोद्यालाही बसले होते, महिनाभर सगळं घर खळ्यात झोपायचं, तेव्हा ही वाकळ अंगावर होती अन् तो निळा तुकडा त्यानंतरच्या दिवाळीत लावलेला.

नांदेडच्या काका, डंप स्टेशनवर टाकी रिकामी करायची पद्धत जरा सविस्तर लिहाल का, हातमोजे अन् पाण्याचा पाइप गाडीबरोबर मिळतो की आपला न्यावा लागतो? पुढच्या वर्षी तिकडंच जायचं चाललंय.